काल नावाचा डबा

आमच्या घरात वायसर कुठे सापडेल याचा नेम नव्हता. तळपायाला चिकटून तो देवघरापर्यंत जाई, अंथरुणात टोचे, वाळत घातलेल्या साडीच्या निऱ्यांतून टपकन खाली पडे. एकदा तर अम्माच्या रसवांगीत, म्हणजे वांग्याच्या आंबट-तिखट रश्शात, निघाला. अम्मानं तो बोटांनी उचलला, धुतला आणि अप्पांच्या पानात मिठाच्या शेजारी वाढला. अप्पांनी तो मुकाट्यानं कमरेला खोचला आणि ताकभात मागितला. घराचा पुढचा अर्धा भाग कारखाना आणि मागचा अर्धा भाग घर अशी आमची वाटणी होती, पण ती बोलण्यापुरती. खिळ्यांना आणि गंजाच्या वासाला ती कोणी सांगितली नव्हती.

कारखाना हा माझ्या वडिलांचा, अप्पांचा, शब्द. खरं तर ती मैलापूरच्या एका गल्लीतली लांब ओसरी आणि तिच्या बाजूची बोळकांडी होती. तिथे घडीच्या लोखंडी खुर्च्या दुरुस्त होत. मद्रासला चेन्नई म्हणायला लागल्यावर ज्यांनी हे शहर पाहिलं त्यांना सांगायला हवं, की डिसेंबरच्या मध्याला मार्गळी महिना आला की त्या काळी मैलापुरातल्या सभा, म्हणजे गाण्याच्या मैफली भरवणाऱ्या मंडळ्या, आपापले मांडव घालायला लागत आणि त्या मांडवांत खुर्च्या लागत. वर्षभर कुठल्याशा गोदामात गंजलेल्या त्या खुर्च्या महिनाभर आधीच हातगाड्यांवरून आमच्या दारी येत. खुर्चीचे दोन पाय जिथे एकमेकांवर फुली मारतात तिथला बोल्ट म्हणजे तिचा जीव. जुना झिजलेला काढायचा, नवा घालायचा, नट आवळायचा, आणि मग खुर्ची उघडून मिटून, उघडून मिटून बघायची. तो खटखटाट, शेजारच्या घरातल्या मुलीचं व्हायोलिनवर तेच तेच घोटणं, अम्माचं कॉफीच्या बिया दळण्याचं यंत्र आणि देवळाची घंटा, एवढ्या आवाजात मी वाढले. अजूनही फार शांत घरात मला झोप लागत नाही.

अप्पांची दौलत भिंतीवर होती. वरपासून खालपर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर डबे. बिस्किटांचे, कॉफीच्या भुकटीचे, हिंगाचे. बारीक स्क्रू नारळाच्या करवंट्यांत, वायसर तारेत ओवून खुंटीला टांगलेले. प्रत्येक डब्यावर अप्पांनी पांढऱ्या रंगानं माप लिहिलं होतं. आम्ही तंजावरकडचे मराठी. कधीकाळी आमचे पूर्वज दक्षिणेत आले, पुढे आजोबा तंजावर सोडून मद्रासला आले, आणि येताना त्यांनी आपली बाळबोध अक्षरं बरोबर आणली. त्या अक्षरांचा अप्पांना भारी अभिमान. त्यामुळे डब्यांवरची अक्षरं मराठी होती. शब्द मात्र तमिळ, कारण बाजार तमिळ, मेस्त्री तमिळ आणि मापंही तमिळ. तमिळमध्ये पावाला काल म्हणतात, अर्ध्याला अरै आणि पाऊणला मुक्काल. म्हणून पाव इंची बोल्टांच्या डब्यावर सुरेख, वळणदार मराठी अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘काल’. अप्पा माप तमिळमध्ये घेत, देवाला मराठीत आळवत आणि चिडले की दोन्ही भाषा एकदम वापरत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

माझा थोरला भाऊ सेतुअण्णा पुण्याजवळ खडकीला काम शिकायला गेला आणि लग्न ठरवून परत आला. मुलगी सांगलीची, नाव मालती. घरात आनंदीआनंद झाला. कित्येक पिढ्यांत आमच्याकडे महाराष्ट्रातली सून आली नव्हती. अप्पा समोरच्या दुकानदाराला थांबवून थांबवून सांगत, आमच्या मूळच्या देशातली मुलगी येते आहे, आमचीच भाषा बोलणारी. ती आली, पाया पडली, पानावर बसली, आणि अम्मानं मायेनं म्हटलं, “मालती, ओगी कां बसलीस गे? अस्की जेव की.” नवी वहिनी गोंधळली. तिनं सगळ्या भांड्यांकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, “वन्सं, अस्की कुठल्या भांड्यात आहे?” आमच्या मराठीत ओगी म्हणजे गप्प आणि अस्की म्हणजे सगळं. मी ते मोठ्यानं सांगितलं, आणि जेवणाऱ्या सगळ्या मंडळींची हसता हसता पुरेवाट झाली. ती पण हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

मी तिला वैनी म्हणायचे, ती मला वन्सं म्हणायची. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला आणि मला तो फार आवडला. शाळा संपून मी टायपिंगच्या वर्गाला जायला लागले होते आणि घरात माझ्या वयाच्या जवळचं कोणी नव्हतं, त्यामुळे मी तिच्या मागे मागेच असे. अण्णा पहाटेच्या गाडीनं अवडीला सरकारी कारखान्यात जाई तो दिवे लागताना परत येई. मधला सगळा दिवस ती आणि आम्ही. भाजीवाल्याचं बोलणं तिला कळत नसे, आमचं अर्धं कळे. तीन वेळा भात खाऊन ती कंटाळली होती. ज्वारी मैलापुरात मिळत नव्हती आणि गव्हाच्या पोळीकडे अम्मा आजाऱ्याचं पथ्य म्हणून बघे. “परकी भाषा असती ना वन्सं, तर मी शिकले असते,” ती एकदा म्हणाली. “आपलीच भाषा परकी निघाली, तिला काय करायचं?”

मग एक दिवस विहिरीपाशी चादर पिळताना, एक टोक माझ्या हातात आणि एक तिच्या, ती सहज सांगावं तसं म्हणाली, “संक्रांतीला माझा भाऊ वसंतदादा मला न्यायला येणार आहे. मी गेले की परत येणार नाही.” माझ्या हातातून चादर सुटली. “आणि अण्णा?” मी विचारलं. “ह्यांनी तिकडे बदली मागावी. नाही मागितली तर... मला माहीत नाही. पण इथे माझं काही कामच नाही हो. मी नुसती पाहुणी आहे. सगळे मला जेव म्हणतात, बैस म्हणतात. कोणी कर म्हणत नाही.” कोणाला सांगू नका, असंही ती म्हणाली. मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून संक्रांतीचं नाव निघालं की मी विषय बदली. आमच्याकडे पोंगल म्हणून जो सण नाचत यायचा, तो मला येऊच नये असं वाटायला लागलं.

घरात एक रीत होती. सासरे आणि सून एकमेकांशी थेट बोलत नसत. अप्पांना तिला काही सांगायचं असलं की ती समोर उभी असताना ते मला म्हणत, “तिज सांग,” आणि तिला काही सांगायचं असलं की ती म्हणे, “वन्सं, मामंजींना सांगा.” मामंजी म्हणजे सासरे. दोघांना एकमेकांचं ऐकू येत असे, तरी मी मधे लागायची. मी वर्गाला गेलेली असले की दोघंही गप्प.

त्या वर्षी खुर्च्या आल्या आणि संध्याकाळी ओसरीवर पाय ठेवायला जागा उरेना. काढलेले बोल्ट, न लागलेले बोल्ट, नट, तारांचे तुकडे. वैनीला पसारा सहन होत नसे. तिचे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे आणि त्यांच्या घरात खडूसुद्धा रंगाप्रमाणे लावलेले असत, असं ती सांगे. मेस्त्री घरी गेला की ती केरसुणी घेऊन ओसरीवर यायला लागली. अप्पांनी दोन-चार दिवस पाहिलं. मग ते कौतुक न दाखवता मला म्हणाले, “तिज सांग, उरलेले बोल्टु डब्यांत घालून ठेव म्हणून.” मी सांगितलं. वैनीचा चेहरा जो खुलला तो मला अजून दिसतो. या घरात तिला कोणीतरी काहीतरी कर म्हणालं होतं.

आता उरलेले म्हणजे कोणते? अप्पांच्या मनात नवे, न वापरलेले. झिजलेले बोल्ट मेस्त्री एरवी भंगाराच्या टोपलीत लोटायचा. पण जमिनीवर दोन्ही एकत्रच पडलेले असत, आणि वैनीच्या लेखी सगळेच उरलेले. तिनं फळीकडे पाहिलं. डब्यावर स्वच्छ मराठीत लिहिलेलं होतं, काल. तिला अप्पांचं फार कौतुक वाटलं. काय हा माणूस, कालचे बोल्टसुद्धा वेगळे ठेवतो! मग तिनं ‘आज’चा डबा शोधला. तो नव्हता. तेव्हा तिनं एक रिकामा डबा घासला, पुसला, त्यावर खडूनं मोठ्या देखण्या अक्षरांत ‘आज’ लिहिलं आणि तो ‘काल’च्या शेजारी ठेवला. रोज संध्याकाळी ती पडलेले सगळे बोल्ट ‘आज’मध्ये भरे, आणि रोज सकाळी अंघोळ करून आली की ‘आज’चा डबा ‘काल’मध्ये ओती, कारण रात्र सरल्यावर ते कालचे झाले. अरै आणि मुक्काल हे शब्द तिला कळले नाहीत, म्हणून त्या डब्यांना तिनं हात लावला नाही. देवाची कृपाच म्हणायची.

आणि अप्पा? अप्पांनी तो नवा डबा पाहिला होता. त्या दिवसांत देशभर वजनं-मापं बदलत होती. शेर जाऊन किलो आला होता, दुकानात कापड मीटरनं मिळायला लागलं होतं, आणि बोल्टांची मापंही बदलणार अशी बाजारात कुजबुज होती. सून पुण्याकडची, शिकलेली. ‘आज’ हे तिकडचं काहीतरी नवं माप असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. विचारायचं कोणाला? मला विचारलं असतं तर आपल्याला माहीत नाही हे कळलं असतं, आणि अप्पांना माहीत नाही अशी लोखंडाची वस्तू जगात नव्हती. ते त्या डब्याकडे आदरानं बघत आणि आपलं काम करत राहत. मी या सगळ्यात कुठे होते? टायपिंगच्या वर्गात, डोळे बांधल्यागत त्याच त्याच किल्ल्या बडवत.

मार्गळी लागला. खुर्च्या सभांच्या मांडवांत गेल्या. पहिल्या मैफलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका सभेचे सेक्रेटरी आमच्या दारात उभे राहिले. सगळं मैलापूर त्यांना मामा म्हणत असे. अम्मानं कॉफी आणली तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. मैलापुरात सकाळची कॉफी कोणी नाकारली म्हणजे मामला गंभीर आहे हे लहान पोरालाही कळतं.

“राव,” ते अप्पांना तमिळमध्ये म्हणाले, “काल पहिल्या रांगेत निवृत्त जज्जसाहेब बसले होते. बाईंनी आलाप सुरू केला. आलाप वर चढतोय आणि जज्जसाहेब खाली चाललेत! हळूहळू, हळूहळू. मांडीवर ताल धरलेला तसाच, आणि जमिनीवर टेकले. बाईंना हसू फुटलं, सूर गेला. मागे आणखी दोघं असेच. माणसं गाणं ऐकायला येतात राव, खुर्चीवर जीव मुठीत धरून बसायला नाही.”

मामांनी हातातली खुर्ची पुढे केली. तिचा बोल्ट काढून अप्पांनी उजेडात धरला. आटे पार गेलेले, झिजून गुळगुळीत. “सायंकाळच्या मैफलीआधी अस्की खुर्च्या बघून देतो,” असं ते आधी मराठीत म्हणाले आणि मग तमिळमध्ये. मामा मान हलवून गेले.

अप्पांनी ‘काल’ डबा खाली घेतला आणि अम्माच्या तांदळाच्या सुपात ओतला. चकचकीत नवे बोल्ट आणि तांबडे, झिजके, आटे गेलेले, एकमेकांत मिसळलेले. “हे कोण घाटलं?” अप्पा गरजले. मी दारात होते. वैनी दाराआड होती. ती पुढे आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “वन्सं, सांगा, मी घातले. डब्यावर लिहिलंय तसेच घातले.”

“काय लिव्हलं आहे?” अप्पा मला म्हणाले.

“काल,” वैनी मला म्हणाली.

“मग? काल म्हणजे कालच घालायचे की!”

“कालचेच घातलेत! आजचे मी आजच्या डब्यात ठेवते.”

“काल म्हण्टलं म्हणजे काल गे!”

“हो, काल म्हणजे कालच ना!” तिचा आवाज फुटला.

दोघं एकच शब्द एकमेकांवर, म्हणजे माझ्यावर, फेकत होती. मी आधी हिच्याकडे, मग त्यांच्याकडे पाहत होते, आणि एकाएकी माझ्या डोक्यात लख्ख झालं. गंमत अशी की आमच्या घरातही कालच्या दिवसाला कालच म्हणत. पाव म्हणजे काल आणि गेला दिवस म्हणजे काल, दोन्ही आम्ही जन्मभर बोलत आलो होतो आणि ते दिसायला एकच आहेत हे आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. “अप्पा,” मी म्हणाले, “तिनं तमिळ काल नाही वाचलं. आपलं काल वाचलं. नेत्तु!” नेत्तु म्हणजे तमिळमध्ये गेला दिवस. आणि वैनीला म्हणाले, “वैनी, ते काल म्हणजे पाव. पाव इंच.”

अप्पांनी डबा उचलला. स्वतःच्या हातानं रंगवलेली ती अक्षरं त्यांनी जन्मात पहिल्यांदा बघितल्यासारखी वाचली. मग शेजारचा डबा पाहिला. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी मला विचारलं, “तर मग हे ‘आज’... पुण्याचं माप नव्हे?”

अम्मा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच मटकन बसली आणि पदर तोंडात घालून हसायला लागली. मलाही हसू आवरेना. अप्पासुद्धा हसले असते, पण वैनी हसत नव्हती. “माझ्यानं काही व्हायचं नाही इथे, वन्सं,” एवढंच म्हणून ती आत गेली. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. माझं हसू तिथल्या तिथे थांबलं. आता ही संक्रांतीचीही वाट बघायची नाही, असं मला वाटलं आणि मला रडू यायला लागलं.

अप्पांनाही तो आवाज ऐकू आला असावा. ते आतल्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, “तिज सांग, हे निवडायचं आहे. माझ्यानं एकट्यानं सायंकाळपर्यंत होणं नाही.” आणि अम्मा, जिनं लग्न झाल्यापासून कधी त्या ओसरीवर बैठक मारली नव्हती, दुसरं सूप घेऊन बाहेर आली आणि लोखंडाच्या धुळीत मांडी घालून बसली. “मालती,” तिनं हाक मारली, “तांदूळ निवडतात तसं निवडायचं. ये गे, माझ्या पाशीं बैस.”

वैनी आली. डोळे पुसून आली आणि कोणाकडे न बघता बसली. दोघी समोरासमोर. अम्मा सूप हलवून नवे बोल्ट एका कडेला आणी आणि खडे वेचावेत तसे झिजके उचलून टाकी. ज्यांच्याबद्दल शंका वाटे ते वैनी घेई. त्यावर बोटांनी नट फिरवून बघे, डुगडुगला की भंगारात. थोड्याच वेळात दोघींची बोटं अशी काही चालायला लागली की मेस्त्री हातातला हातोडा ठेवून बघत उभा राहिला. त्या दोघी एक शब्द बोलत नव्हत्या, पण मला ते घर तेव्हा पहिल्यांदा एका भाषेतलं वाटलं.

दुपारी आम्ही सगळे मांडवात. आता खरी पंचाईत. दुपारच्या वेळेला नव्या, शिकाऊ गवयांची गाणी असत आणि श्रोते तुरळक, पण असत. गाणं चालू असताना खुर्च्या खडखडवायच्या कशा? मामांनी बोट ओठांवर ठेवून बजावलं, आवाज होता कामा नये. तेव्हा आम्ही शेवटच्या रांगेपासून सुरुवात केली. मी श्रोत्यांना हळूच उठवून पुढच्या खुर्चीवर बसवायची, अप्पा आणि मेस्त्री खाली वाकून बोल्ट बदलायचे, अम्मा पदराच्या ओच्यातून नवे बोल्ट द्यायची आणि वैनी काढलेले गोळा करायची. नट घट्ट आवळताना ठोकावं लागे, आणि ते ठोकणं आम्ही राखून ठेवत होतो. गायकानं गाणं थांबवून मृदंगवाल्याला एकट्याला वाजवायला मोकळं सोडलं, की अप्पा डोळ्यांनी खूण करत आणि दोघंही हातोडे चालवत. मृदंग जोरात, तसे हातोडे जोरात. एका मृदंगवाल्या पोरानं तर शंका येऊन मागे मान वळवली, आणि मग चेव येऊन दुप्पट वेगानं वाजवलं. पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, “शभाष!” कोणाला म्हणाले देव जाणे. वैनी खुर्च्यांच्या मधे उकिडवी बसली होती, तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं आणि तिचे खांदे गदगदत होते. मी घाबरून जवळ गेले, तर ती हसत होती. आमच्या घरी आल्यापासून अशी पोटभर हसलेली मी तिला पाहिली नव्हती. संध्याकाळी जज्जसाहेब आले, खुर्चीकडे संशयानं बघून बसले आणि शेवटच्या मंगळम्‌पर्यंत, म्हणजे मैफल संपवणाऱ्या गाण्यापर्यंत, जिथे बसले तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी कानस घेतली आणि आपल्या हातानं ‘काल’ खरवडून काढलं. मग अरै, मग मुक्काल. मला वाईट वाटलं, कारण ती अक्षरं खरोखर सुंदर होती. आता काय लिहायचं यावर अण्णानं इंग्रजी सुचवलं. वैनी म्हणाली, “वन्सं, मामंजींना सांगा, काहीच लिहू नका. डब्यात जो बोल्ट आहे तसाच एक बाहेर तारेनं बांधा. मेस्त्रींनाही कळेल, मलाही.” अप्पा उठले आणि तार घेऊन आले. माझा नातू श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात जातो. तिथे प्रत्येक स्क्रूला नंबर आणि प्रत्येक नंबराला काळ्या रेघांचं चित्र असतं, आणि यंत्र ते वाचतं. मी त्याला आमच्या तारेची गोष्ट सांगितली तर म्हणाला, आजी, पद्धत वाईट नव्हती, फक्त धूळ फार बसत असेल. बसायचीच. वैनी ती शनिवारी पुसायची. झिजक्यांसाठी तिनं झाकणाचा वेगळा डबा केला आणि त्यावर सगळ्यात वाकडा बोल्ट बांधला.

सगळा मार्गळी ती ओसरीवर होती. तरी संक्रांत यायची थांबली नाही. वसंतदादा तिळगूळ घेऊन आला, दोन दिवस राहिला, अम्माच्या डांगर पच्चडीची, उडदाच्या पिठाच्या त्या ताकातल्या कालवणाची, वाडग्यावर वाडगी प्यायला. वैनीनं ट्रंक भरली. मी दाराशी उभी राहून बघत होते. किती साड्या घेते, किती ठेवते. तिनं सगळ्या घेतल्या. विचारायचा माझा धीर झाला नाही आणि तिनंही काही सांगितलं नाही. निघताना ती पाया पडली तेव्हा अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, “तिज सांग...” आणि पुढचं काही त्यांना सुचलं नाही.

ती गेल्यावर घर होतं तसं झालं, म्हणजे वाईट झालं. हंगाम संपून खुर्च्या परत आल्या. गोदामात जायच्या आधी त्यांची एकदा तपासणी व्हायची. काढलेल्या बोल्टांचा ढीग ओसरीवर साचायला लागला. मेस्त्री तो टोपलीत भरायला लागला तर अप्पा म्हणाले, “राहूं दे. ती येऊन निवडील की.” रोज ढीग वाढायचा आणि रोज अप्पा तेच म्हणायचे. पुढे त्याला वळसा घालून चालावं लागायला लागलं. मला ते बघवेना. मला एकटीला माहीत होतं की त्या ढिगापाशी कोणी येणार नाही. अण्णा कामावरून आला की त्या ढिगाकडे बघायचा आणि हातपाय धुवायला जायचा, तेव्हा मला वाटे, त्यालाही माहीत आहे. सांगावं तर वैनीला दिलेला शब्द जातो, न सांगावं तर हा म्हातारा रोज वाट बघतो.

आणि मग एका सकाळी दाराशी घोडागाडी थांबली. आधी एक पोतं उतरलं, मग त्यावर लोखंडी तवा, मग ट्रंक आणि मग वैनी. सांगलीच्या कोणा ओळखीच्या कुटुंबाच्या सोबतीनं आली होती. पोत्यात ज्वारीचं पीठ होतं. ते पोतं आणि तो तवा पाहिला आणि माझा जीव भांड्यात पडला. चार दिवसांसाठी येणारं माणूस तवा घेऊन येत नाही. मी तिला मिठी मारणार तेवढ्यात तिचं लक्ष ओसरीवर गेलं.

अप्पा तिथेच होते, नेहमीसारखे पाटावर, खुर्ची मांडीवर आडवी घेऊन. वैनीनं ढीग पाहिला. प्रवासानं तिचे केस विस्कटलेले होते, पाय धुवायचे होते, सासऱ्यांच्या पाया पडायचं होतं. तिनं मला मधे घेतलंच नाही.

“मामंजी, हे काय? एवढं साठवून ठेवायचं का? निवडणार कोण हे?”

आत अम्माचं कॉफीचं यंत्र थांबलं. अप्पांनी तिच्याकडे वर पाहिलं. मग खाली वाकून ढिगातला एक बोल्ट उचलला, आणि ज्या माणसानं ते डबे भरण्यात आयुष्य घालवलं, त्यानं तो तिच्यापुढे धरून विचारलं, “हे कोठें घालूं गे, मालती?”

वैनीनं पदर खोचला, बोल्ट घेतला आणि जमिनीवर बसली.

“सरका जरा,” ती म्हणाली.

अप्पा सरकले.